‘हीरा है सदा के लिए’ लिहिणाऱ्या बाईच्या नावावर खपवलेल्या थापा

फ्रान्सेस गेरेटी या अमेरिकन जाहिरात-लेखिकेवरचा एक लांबलचक मेसेज सध्या मराठवाड्यातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. उदगीरच्या आत्याबाईंनी तो पुढे पाठवला आणि खाली विचारलं, ‘पाटल्या मोडून पोरीला हिऱ्याचं घ्यावं का?’ नुसता प्रेरणादायी मेसेज असता तर दुर्लक्ष केलं असतं. गोष्ट पाटल्यांवर आली म्हणून हे लिहिणं.

मेसेजचा सारांश असा: नवऱ्याने दिलेली अंगठी पाहून गेरेटीला 1947 साली ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’ (हिंदीत ‘हीरा है सदा के लिए’) ही ओळ सुचली, बैठकीत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने तिला जन्मभर रॉयल्टी दिली. जाहिरातीतली जगातली पहिली बाई तीच, साखरपुड्याच्या हिऱ्याच्या अंगठीची प्रथाही तिचीच, आणि दोन महिन्यांचा पगार अंगठीवर घालवा हेही तिचंच म्हणणं. शेवटी खरा माल येतो: हिरा कायमचा, म्हणून त्याची किंमतही कायमची, तेव्हा सोनं मोडा.

नवऱ्याचा विषय एका ओळीत संपतो. गेरेटीने लग्नच केलं नाही. फिलाडेल्फियाच्या एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेत ती 1943 साली लागली आणि डी बिअर्सचं काम तिच्याकडे आलं. 1947 मध्ये एका रात्री जाहिरातींचा सगळा मजकूर लिहून झाला, पण प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी सहीसारखी यायची ओळ राहून गेली होती. झोपेला आलेल्या बाईने ती कागदावर खरडली. सकाळी टाळ्याबिळ्या काही नाहीत. सहकाऱ्यांनी व्याकरणावर बोट ठेवलं आणि नाइलाजाने होकार दिला. 1948 पासून ती ओळ छापून येऊ लागली.

रॉयल्टी? पगारी लेखकाने नोकरीत लिहिलेली ओळ ज्याची जाहिरात त्याची होते. हा धंदा तेव्हाही असाच चालायचा आणि आजही असाच चालतो. ‘पहिली बाई’ हेही चूक. हेलन लॅन्सडाउन रेझर 1911 च्या सुमारास वुडबरी साबणाच्या जाहिराती लिहीत होती, तेव्हा गेरेटी जन्मलीही नव्हती. दोन महिन्यांच्या पगाराची जाहिरात 1980 च्या दशकातली आहे आणि गेरेटीने एयर सोडलं 1970 साली. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही चिकटवायचं, दुसरं काय.

प्रथेच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते द्यावं लागेल. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी दिल्याची युरोपातली नोंद 1477 सालची आहे. ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन याने बर्गंडीच्या मेरीला ती दिली. डी बिअर्स एयरकडे आली 1938 मध्ये, आणि 1941 पर्यंत अमेरिकेतली हिऱ्यांची विक्री 55 टक्क्यांनी वाढल्याचं एयरने कळवलंही होतं. म्हणजे गेरेटी रुजू होण्याआधीच गाडी वेगात होती. पण राजघराण्यांतली चाल मध्यमवर्गाच्या घराघरात कायमची बसली ती याच मोहिमेने, आणि गेरेटीने ती पंचवीसएक वर्षं लिहिली. ते सोपं नव्हतं. मक्तेदारीविरोधी कायद्यामुळे डी बिअर्सला अमेरिकेत थेट धंदा करता येत नव्हता. त्यामुळे जाहिरातीत ना दुकानाचं नाव, ना ‘आमचाच हिरा घ्या’. वर पिकासो, डाली, दुफी यांच्यासारख्या चित्रकारांचं चित्र, मध्ये चार ओळींचा मजकूर, तळाला वजनानुसार किमतींचा तक्ता. दुकान कोणतंही असो, हिरा घ्यावासा वाटला पाहिजे. 1999 साली ती गेली, त्याच वर्षी ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग एज’ या जाहिरातक्षेत्रातल्या नियतकालिकाने तिच्या ओळीला शतकातलं सर्वोत्तम घोषवाक्य ठरवलं. हा मान तिचाच.

आता किमतीकडे. मेसेज इथे नुसता चुकत नाही, त्या ओळीचा हेतूच उलटा करतो. 1982 च्या फेब्रुवारीत ‘द अटलांटिक’ मासिकात एडवर्ड जे एपस्टीन यांचा मोठा लेख आला होता. त्यातला मुद्दा असा: हिरे टिकतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचा साठा लोकांच्या कपाटांत पडून आहे. तो विकायला बाहेर आला तर भाव कोसळेल. म्हणून लोकांनी हिरा विकण्याचा विचारही करू नये, अशी भावना तयार करायची होती. ‘कायमचा’ म्हणजे परत दुकानात आणू नका! त्याच लेखातला एक दाखला बघा. 1976 मध्ये डच ग्राहक संघटनेने अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक कॅरेटहून मोठा निर्दोष हिरा घेतला आणि आठ महिन्यांनी शहरातल्या वीस बड्या व्यापाऱ्यांना दाखवला. एकोणीस जणांनी घ्यायला नकार दिला, विसाव्याने खरेदीच्या किमतीचा जेमतेम तुकडा देऊ केला.

आपल्याकडे वेगळं काय होतं? लातूरच्या गंजगोलाईत जा नाहीतर संभाजीनगरच्या सराफ्यात, सोन्याचा आजचा भाव फळ्यावर असतो. हिऱ्याचा फळा नसतो, कारण एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांचा भाव रंग, स्वच्छता आणि पैलू यांवरून कितीतरी बदलतो, आणि तो ठरवणारा समोरचाच असतो. पेरणीच्या तोंडावर बी-खतासाठी सोनेतारण करायची वेळ आली की बँकेचा मूल्यांकनकार खड्यांचं वजन वजा करतो आणि उरलेल्या सोन्यावर कर्ज बसवतो. खडा हिशेबातच नाही. पाटल्यांवर जी रक्कम चार-दोन तासांत हातात पडते, ती हिऱ्यावर पडणार नाही.

आकडे मांडून बघा. अंगठीचं एकूण वजन 4.50 ग्रॅम, त्यात 0.50 कॅरेट हिरे. कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजे हिऱ्यांचं वजन 0.10 ग्रॅम आणि सोनं 4.40 ग्रॅम. हिऱ्याचा डागिना बहुधा 18 कॅरेटमध्ये (सोन्याचं कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता: 24 पैकी 18 भाग सोनं) घडवतात, कारण 22 कॅरेट मऊ असतं आणि खड्याची पकड सैल होते. मग शुद्ध सोनं उरलं 3.30 ग्रॅम. मोडायला गेल्यावर भाव मिळणार तो यावर. घडणावळ गेली, 3 टक्के जीएसटी गेला, आणि हिऱ्याचं काय ते दुकानाच्या मर्जीवर. ‘आम्ही परत घेतो’ म्हणणारेही बहुतेकदा आपल्याच दुकानात बदली देतात. रोख मागितली की कपात वाढते.

त्यात प्रयोगशाळेतले हिरे आले. तोही खराच हिरा, रसायनही तेच, पण खाणीतल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. खुद्द डी बिअर्सने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने ते कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले आणि 2025 मध्ये तो धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. यात कायमची किंमत कुठे दिसते?

आणि हिरा स्वतः तरी? कठीणपणात पहिला, पण ठिसूळ. ठरावीक दिशेने फटका बसला तर चिरतो. अंगठी सैल-घट्ट करताना कारागिराने टाकणखार किंवा बोरिक अ‍ॅसिडचा लेप न देता झोत मारला, तर वरचा थर जळून खडा दुधाळ दिसतो.

हौसेने घ्यायचा असेल तर जरूर घ्या, हौसेला कुणाची ना नाही. फक्त बिल नीट करून घ्या. निव्वळ सोन्याचं वजन आणि हिऱ्याचं कॅरेट वेगवेगळं, रंग आणि स्वच्छतेची प्रत, प्रमाणपत्राचा क्रमांक, हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला. प्रमाणपत्राच्या मोठ्या खड्याच्या कडेला बहुधा लेसरने कोरलेला क्रमांक असतो. दहापट भिंग मागून तो प्रमाणपत्राशी जुळवा. सोन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक, फक्त सोन्याच्या शुद्धतेचा आहे, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. काउंटरवरचं टीक-टीक वाजणारं पेन बहुधा उष्णता कशी वाहते तेवढंच पाहतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या हिऱ्यालाही वाजतं आणि पुष्कळदा हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइट या वेगळ्याच खड्यालाही. बिलावर ‘नैसर्गिक’ लिहून द्यायला सराफ कां-कू करू लागला, तर अंगठी तिथेच ठेवा आणि दुकानाच्या पायऱ्या उतरा.