इन लावला की उलट!

इंग्रजीचे काही नियम असे आहेत की ते मुलांना पाठ होतात आणि भोगावे घरच्यांना लागतात. 'शब्दाआधी इन लावला की अर्थ उलटा' हा त्यातलाच. करेक्ट-इनकरेक्ट, डायरेक्ट-इनडायरेक्ट, इथवर सगळं गोडीगुलाबीत चालतं. पण माझ्या सातवीतल्या भाचीने हा नियम फारच मनावर घेतला.

"मामा, इनकम म्हणजे न येणं ना?"

महिनाअखेर होती. मला लगेच 'नाही' म्हणवेना.

खरा पेच घाटात पडला. गाड्या तुंबलेल्या, समोर टँकर, त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल'. फ्लेम म्हणजे ज्वाळा, हे तिला ठाऊक. निवांतपणे म्हणाली, "बरंय, याला आग लागतच नाही." ताईने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू टँकर मीच भरून आणला होता.

आता हिला सांगायचं काय? लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत. एक 'नाही' म्हणणारा, दुसरा 'आत' नेणारा. दिसायला जुळे, गुणांनी सावत्र. 'इन्फ्लमारे' म्हणजे पेटवणे, त्यातला इन हा दुसरा. म्हणून फ्लेमेबलही पेटतं आणि इन्फ्लेमेबलही पेटतं. हा घोळ कुणाच्या तरी जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच 'नुसतं फ्लेमेबल लिहा' असा आग्रह धरला. आपल्याकडच्या टँकरांपर्यंत तो अजून पोचायचाय. घाटात अडकला असेल.

इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं, हे ऐकून तिने पाण्याची बाटली मागितली. इनव्हॅल्युएबलला तर ती उसळलीच.

"म्हणजे किंमत नसलेलं?"

"किंमत करताच येणार नाही, इतकं मोलाचं."

"ही चीटिंग आहे!"

मी मराठीचा आधार घेतला. अगं, आपलं अमूल्य तसंच, अनमोल तसंच, आपला अमोलदादाही तसाच. अमोलदादा बी.कॉम. होऊन घरी बसलाय आणि ताई त्याच्या बाबतीत पहिलाच अर्थ धरते, त्यामुळे उदाहरण वाया गेलं.

त्यानंतर शाळेत 'माय ग्रँडफादर' हा निबंध आला. आजोबा, म्हणजे ताईचे सासरे, काही प्रसिद्ध नाहीत. मुलगी प्रामाणिक. तिने लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज व्हेरी इन्फेमस.' बाईंनी ताईला बोलावून घेतलं. घरी आल्यावर आजोबांना शब्दाचा अर्थ सांगितला, 'कुप्रसिद्ध'. ते तलाठी म्हणून निवृत्त झालेत. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हळूच विचारलं, "हे हिला कुणी सांगितलं?"

काल ताईचा फोन आला. पुढचा धडा 'अंडर'चा आहे, अंडरवेअर आणि अंडरग्राउंड झालंय, अंडरस्टँड म्हणजे खाली उभं राहणं का असं ती विचारतेय, तर रविवारी येशील का? मी सांगितलं, रविवारी मी गावाला चाललोय. गाव कुठलं ते अजून ठरायचंय.