एका घराची दोन घरं कशी करावीत

पोरं पुण्याला, घरात तुम्ही दोघं, आणि बाकीच्या खोल्या नुसत्या धूळ खायला. त्यात राहता लातूरला, म्हणजे दर जूनमध्ये बाहेरगावचे आईबाप नीटवाल्या लेकरांना घेऊन खोली विचारत दारात येणार. 'ट्युशन एरिया चालत जायच्या अंतरावर' एवढं म्हणता आलं की भाडं तुम्ही सांगाल ते. तेव्हा घराचे दोन भाग कराच. आमच्या शेजाऱ्यांनी नुकतेच केले. त्यांच्याकडे बघून जे शिकलो ते फुकटात देतो.

इंजिनिअर बोलावू नका. तो आधी नकाशा मागतो, मग फी.

जिना बाहेरून काढा. आत काढला तर भाड्याची एक खोली जाते, आणि बोळ काय, कुणाच्याच बापाचा नसतो. पहिली पायरी शेजाऱ्याच्या गेटसमोर आली तर त्यानं गाडी रस्त्यावर लावावी.

नळाला थेट मोटर लावा. वरच्या बिऱ्हाडासाठी आणखी एक. नळ कधी येतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको, तेव्हा आला की ओढून घ्या. 2016 च्या एप्रिलमध्ये याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पण ते आता कोण लक्षात ठेवतं!

संडास वाढवला तरी सेप्टिक टँक तेवढाच ठेवा. वास सगळ्या गल्लीत वाटला जातो.

करार नोटरीकडे, अकरा महिन्यांचा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे आणि न नोंदवल्यास तुरुंगसुद्धा आहे. पण कायदे वकिलांनी वाचायचे असतात.

आणि मधली भिंत पाडा. हॉलची ती नऊ इंची भिंत, उगाच जागा खाते. मिस्त्री म्हणतो, "काही होत नसतंय मालक, दोन लोखंडी चॅनेल टाकू." मिस्त्रीला सगळं कळतं. आमची रो-हाऊसं एकाला एक चिकटलेली, कॉलम नावाला नाही, स्लॅब विटांच्या भिंतींवरच टेकलेला. तरी पाडा. तिकडं घण पडायला लागला की इकडं आमच्या मांडणीतली भांडी वाजायची. मग ओट्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली, बोट जाईल एवढी. शेजाऱ्यांकडे विचारायला गेलो तर साहेब म्हणतात, "काका, कशाला टेन्शन घ्यायलात? प्लास्टर फुटलंय नुसतं, पुट्टी भरून घ्या."

पुट्टी!

अहो, ही घरं भूकंपाच्या आधी बांधलेली. तेव्हा नकाशावर हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत काय झालं हे लातूरच्या माणसानं लातूरच्या माणसाला सांगायचं? 2002 च्या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात हा भाग झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात टाकला, तो उगाच नाही. किल्लारीकडं हजारो माणसं दगडमातीच्या जड भिंती अंगावर येऊन मेली. आणि तुम्ही काय केलंत? खाली भार घेणारी भिंत काढली, वर पक्क्या खोल्या चढवल्या, त्यांच्यावर दोन हजार लिटरची टाकी बसवली. नुसत्या पाण्याचं वजन दोन टन होतं हो! तोललंय ते कशावर, मिस्त्रीच्या दोन चॅनेलवर?

माझ्या भेगेचे पैसे मला नकोत. वर जी लेकरं झोपतात त्यांच्या आईबापांना सांगितलंय का, खालची भिंत काढलीय म्हणून? डिपॉझिट मोजून घेताना तोंडातून एक शब्द निघाला नाही. लाज वाटू द्या जरा. उद्या सकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, स्लॅबला टेकू द्या, टाकी रिकामी करा, आणि तो लिहून देईपर्यंत वरच्या लेकरांना दुसरीकडं ठेवा. तुमच्या खर्चानं.