साठ अवजारं, आणि त्यात कामाचं एकही नाही

डोकं फिरलंय अक्षरशः! शिवायचं काय होतं, तर कार्डं ठेवायचं चामड्याचं साधं पाकीट. चार तुकडे, दोन शिवणी. त्यासाठी तीन आठवडे घालवले आणि हातात आलाय तो खराब झालेला तुकडा.

'नवशिक्यांसाठी संपूर्ण संच' म्हणून साठ अवजारं गळ्यात मारली. कापायच्या पात्याला धार नाही. बोथट पात्याने चामडं कापलं जात नाही, नुसतं ओढलं जातं आणि कड वाकडी होते. सुया टोकदार दिल्यात. अहो, एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून शिवायचं असतं, भोकं आधीच पाडलेली असतात. तिथे सुई बोथटच लागते, नाहीतर ती आधीच्या टाक्याचा दोरा फाडत जाते. आणि वर नक्षीचे वीस ठसे! ठसा उठतो तो झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर, तेही ओलसर करून. सोबत दिलेला तुकडा क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला. त्याच्यावर ठसा धड उमटत नाही आणि कडा घासून गुळगुळीतही होत नाहीत. मी तासभर घासत बसले आणि वाटत राहिलं की माझ्याच हाताला वळण नाही. याचा सगळ्यात जास्त राग येतो. शेवटी कापलेली कड उजेडात धरली, तर आतून निळसर करडी. मग कळलं, हे क्रोमचं आहे.

वेगळं चामडं घ्यायला गेले, तर तिथे फक्त 'अस्सल लेदर'. अस्सल म्हणजे काय? वरचा थर की खालचा? कमावलंय कशाने? जाडी विचारली तर उत्तर 'पाच औंस'. मी ते वजन समजले. औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर, हे कुणी सांगायचं? पाच औंस म्हणजे २ मिलिमीटर. चार थर एकावर एक आले की कड ८ मिलिमीटरची! पाकिटाला एक-सव्वा मिलिमीटर पुरतं, तीन-साडेतीन पट्ट्याला लागतं.

खरं तर धारदार पातं, पोलादी पट्टी, भोकं पाडायला ४ मिलिमीटर अंतराच्या दात्यांची छिन्नी, लाकडी मोगरी, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा एवढ्यात पाकीट होतं. मग ही सहा चांगली अवजारं एकत्र का विकत नाही कुणी? आणि चामड्यावर जाडी मिलिमीटरमध्ये आणि कमावण्याची पद्धत लिहायला विकणाऱ्याचं काय जातं?