नगरसेवक व्हायचंय? आधी फळांची टोपली घ्या

पुढल्या पालिका निवडणुकीला उभं राहायचं तुमच्या मनात घोळत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. मी स्वतः कधी उभा राहिलेलो नाही. गेला दीड महिना तर घरातल्या घरातही धड उभं राहता येत नव्हतं. पण खाटेवर पडल्या पडल्या माणूस फार बारकाईनं बघायला लागतो, त्याचा फायदा तुम्हाला करून देतो. गोव्यात 13 नगरपालिका आणि पणजीची एक महापालिका. त्यातली आमची कुठली ते विचारू नका. तुमचीच समजा.

पहिलं म्हणजे पक्षाची चिंता नको. आपल्याकडे पालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, इथं पॅनल असतं. पॅनलचा पक्षाशी काही संबंध नसतो. फक्त पॅनल जाहीर होतं तेव्हा मधल्या खुर्चीवर आमदार बसलेले असतात, आणि निकालाच्या संध्याकाळी निवडून आलेले सगळे गळ्यात हार घालून त्यांच्याच अंगणात सापडतात. हरलेलेही दोन दिवसांनी तिथंच सापडतात.

प्रभाग महिलांसाठी राखीव झाला तर खचू नका, घरात बायको आहे. बॅनरवर तिचा फोटो पासपोर्टएवढा, तुमचा कमरेपर्यंत. आरक्षणाचाच घोळ झाला तरी बिघडत नाही. 2021 साली म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचं प्रभाग आरक्षण उच्च न्यायालयानं रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही तोंडावर पडलं. वर सरकारच्याच कायदा सचिवाला राज्य निवडणूक आयुक्त करून बसवलं होतं, त्यावरूनही कानउघाडणी झाली. निवडणूक लागलेल्या बाकीच्यांनी 20 मार्चला मतदान केलं, या पाचांनी 23 एप्रिलला. म्हणजे मतदारांना एक महिना जास्त हात जोडून घ्यायला मिळाले. वर्षाचे बाकीचे महिने हात त्यांनीच जोडायचे असतात.

प्रभागातला एकही बारावा चुकवू नका.

चतुर्थीला नारळ आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान घरोघर पोचवा, पिशवीवर तुमचा फोटो हवा. नारळ आतून कुजका निघाला तरी हरकत नाही. पिशवी वर्षभर बाजारात फिरते.

आता निवडून आल्यावरचं मुख्य शास्त्र, ते नीट ऐका. घटनेची 74वी दुरुस्ती झाली तेव्हा बाराव्या परिशिष्टात पालिकांसाठी 18 विषय लिहून ठेवले. रस्ते, पाणी, कचरा, दिवाबत्ती, स्मशानं, अगदी कोंडवाडेसुद्धा. हा कागद कुणी दाखवला तर हसून म्हणायचं, "तें आमच्या हातांत ना मरे." आणि खरंच नसतं, हीच तर यातली गंमत. नळ पेयजल खात्याचा, खांबावरचा दिवा वीज खात्याचा, निधी जीसुडाचा, म्हणजे राज्याच्या नगरविकास संस्थेचा. तुमच्या हातात फक्त नारळ. तो फोडायचा.

आमच्या दारासमोरच्या गटाराचंच घ्या. तीन वर्षांपूर्वी त्यावर लाद्या बसवल्या तेव्हा आमच्या नगरसेवकानं नारळ फोडला. काम संपलं तेव्हा परत फोडला. एप्रिलमध्ये नाक्यावरच्या बांधकामाला सिमेंट घेऊन जाणारा ट्रक मागे घेताना त्यातली एक लादी मधोमध मोडली. आत भोक आणि भोकात वाकडी सळी. मी नगरसेवकाला फोन केला. "काळजी करूं नाकात काका, दोन दिसांनी लादी बसयतां." दोन दिवस झाले, पंधरा झाले. मग पालिकेत अर्ज दिला, इनवर्डचा शिक्का घेतला. तिथले अभियंते म्हणाले, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, त्यामुळे गटारही त्यांचंच. बांधकाम खात्यात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, गटार आमचं खरं, पण लाद्या पालिकेनं घातल्या, त्या आमच्या रेकॉर्डला नाहीत. म्हणजे खालचं भोक एका खात्याचं आणि वरचं झाकण दुसऱ्याचं! मी विचारलं, मधल्या हवेचं काय? त्यावर त्या बाईंनी मला पुन्हा अर्ज करायला सांगितलं. केला. दुसरा शिक्का. मे महिन्यात मान्सूनपूर्व कामं झाली, म्हणजे गटारातला गाळ उपसून गटाराच्याच काठावर ठेवला. पहिल्या पावसात तो परत आत गेला. तेव्हा मी तिसरा अर्ज दिला. मुख्याधिकारी बैठकीला गेले होते. मी तीन वेळा गेलो, ते तीनही वेळा बैठकीलाच. एवढ्या बैठकांतून एक दोन बाय तीन फुटांची लादी निघू नये?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातला, पोदेराकडून चार पाव घेऊन येत होतो. पाऊस होता, खांबावरचा दिवा आदल्या दिवसापासून बंद, आणि पाणी इतकं की गटार कुठं नि रस्ता कुठं ते कळेना. उजवा पाय भोकात गेला. घोटा मोडला. सळीनं पोटरी फाडली ती वेगळीच. शेजारच्यांनी उचललं तेव्हा पाव पाण्यावर तरंगत चालले होते, दोन माझ्या डोळ्यांदेखत पुढच्या भोकातून आत गेले. सहा आठवडे प्लास्टर.

आणि चौथ्या दिवशी नगरसेवक आला.

यातून शिकण्यासारखं खूप आहे म्हणून थांबून सांगतो. टोपली वेताची, पारदर्शक कागदात गुंडाळलेली, वर लाल फीत. चार सफरचंदं, एक डाळिंब, पपनसाएवढं एक मोसंबं. सोबत चार कार्यकर्ते आणि मोबाईल धरलेला एक मुलगा. माझा पाय उशीवर होता. मुलगा म्हणाला, "काका, पाय मातसो हांगा करात, फ्रेमांत येना." मी केला. नगरसेवकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, टोपली माझ्या मांडीवर. चार फोटो. लादीचं विचारलं तर म्हणाला, "फायल वयर गेल्या." त्यांना आत यायला जे भोक ओलांडावं लागलं होतं, तेच ओलांडून ते बाहेर गेले. एकानं दुसऱ्याला हात देऊन पलीकडे घेतलं. मी खिडकीतून बघत होतो.

संध्याकाळी प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो आला. "अपघातग्रस्त ज्येष्ठ नागरिकाची आस्थेनं विचारपूस." खाली एकोणपन्नास जणांनी हात जोडले होते. त्यात माझा मेहुणाही होता.

तेव्हा टोपली जपून निवडा. फळं दोन दिवसांत सडतात, फोटो पुढल्या निवडणुकीपर्यंत टिकतो.

नगराध्यक्षपदाचं थोडक्यात. आज जो तुमच्या गटात आहे त्याच्यावर उद्या अविश्वास ठराव आणता यायला हवा. खुर्ची वाटून घ्यायची, इतके महिने तुझी, पुढले माझी. मडगावात 2022 साली गुप्त मतदानात सत्ताधाऱ्यांचं गणित फिसकटलं, तर सरकारनं वटहुकूम काढून हात वर करायची पद्धत आणली. किती चपळाई! कायदा बदलायला दिवस लागतात, लादी बदलायला वर्ष.

कचऱ्याबद्दल काहीही बोलू नका. मडगावचा कचरा जिथं साठला त्या सोनसोडोचं नाव तर तोंडातून काढूच नका.

नाही, आता पुरे. मला हा सल्ला पुढे देववत नाही.

आस्थेनं म्हणे! अरे, फोन मी एप्रिलमध्ये केला होता. पावसाआधी दीड महिना. लादीला किती पैसे लागतात? तुझ्या दोन बॅनरांच्या खर्चात ती बसली असती. रस्ता कुणाचा आणि गटार कुणाचं ते मला सांगू नकोस. मत मागायला आलास तेव्हा "हा प्रभाग माझं घर" म्हणत होतास, तेव्हा नव्हता तो बांधकाम खात्याचा. तीन इनवर्डचे शिक्के आहेत माझ्याकडे. ते हातात घेऊन एकदा, फक्त एकदा, त्या कचेरीत माझ्याबरोबर चालला असतास तर काय बिघडलं असतं? तिथं मला म्हातारा म्हणून बसवून ठेवतात, तू गेलास की चहा येतो. त्या चहाच्या बदल्यात एक लादी मागायची होती. तेवढ्यासाठीच निवडून दिलं होतं रे तुला.

आणि तुम्ही जे वाचताय, हसताय, तुम्हालाही सांगतो. नारळाची पिशवी घेतलीत ना? मीही घेतली. त्याच पिशवीत मी ते पाव आणत होतो. आणि त्या फोटोत मी हसतोय. बायकोनं दाखवला तेव्हा मला माझंच तोंड बघवेना. पाय मोडलेला, ज्याच्यामुळे मोडला तो खांद्यावर हात ठेवून बसलेला, आणि मी दात काढतोय. त्या मुलानं "काका, हांसात" म्हटलं आणि मी हसलो. कशाला हसलो मी?

प्लास्टर निघून आठ दिवस झाले. भोक तिथंच आहे. शेजारच्या पोरांनी त्यात माडाचा चुडता उभा करून त्याला तीच लाल फीत बांधली आहे, टोपलीवरची.