मक्याच्या पलीकडचं आयोवा
एका लेखात म्हटलंय, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका-सोयाबीन सोडून बघण्यासारखं काही नाही. हायवेवरून सुसाट गेलात तर नाहीच! आम्ही राजधानी डे मॉइनहून पेला या गावाला आडवाटेने, खडीच्या रस्त्यांवरून गेलो. समोरून येणारा पिकअपवाला स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम करतो. पहिल्यांदा नवऱ्याने मागे वळून पाहिलं, ओळखीचं कोण म्हणून! गावाआधी दिसते ती नाव रंगवलेली पाण्याची टाकी. पेला १८४७ साली डच लोकांनी वसवलं. चौकाजवळची पवनचक्की मात्र २००२ ची, पण खरोखर गहू दळते. बेकरीत इंग्रजी एसच्या आकाराचं ‘डच लेटर’ घ्याच. खुसखुशीत पापुद्रे, आत बदामाचं सारण, वर साखर. आपल्या साट्याच्या करंजीचं लांबचं भावंड. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.