‘अंगण आहे ना, मग सोडा मोकळं’: कुत्र्याच्या पिल्लांविषयीच्या एका मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे सोलापुरातल्या कॉलन्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘अंगण असलेल्या घरात पिल्लासाठी वेगळी तयारी करायची गरज नाही’ ही त्याची पहिली ओळ. पुढे असं : गावठी पिल्लू काटक असतं, त्याला ऊन बाधत नाही. विषारी काय आणि खायचं काय हे त्याला वासावरून कळतं. हौदात पडलंच तर पोहून बाहेर येतं. सापासाठी फिनाईल शिंपडा. फारच धडपडं असेल तर साखळी लावा. आणि काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. शेवटी, ‘आमच्या आजोबांनी दहा कुत्री अशीच वाढवली, एकालाही काही झालं नाही.’

सुरुवात आजोबांपासूनच करू. आजोबांचं अंगण मातीचं, सारवलेलं. कडेला लिंब, एखादी तुळस, फार तर गोठा. त्यात कूलरची वायर नव्हती, बोअरच्या मोटारीची केबल नव्हती, नर्सरीतून आणलेलं अॅडेनियम नव्हतं, उंदीर मारायच्या निळ्या-हिरव्या वड्या नव्हत्या. शिवाय त्या काळी कुत्रीला सहा पिल्लं झाली आणि दोन जगली तर ‘दोन जगली’ असंच म्हणायचे. गेलेल्या चारांचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं. जनावराला उपजत बरंच कळतं, हे खरं. पण ती उपजत समज ज्या वस्तूंशी गाठ पडून आली त्यांतल्या फार थोड्या आज आपल्या अंगणात आहेत, आणि आज जे आहे त्यातलं बरंचसं आपण आणून ठेवलंय.

‘वासावरून कळतं.’ मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ ही. उंदरांचं विष बनवणाऱ्याचा धंदाच मुळी प्राण्याला वास आवडण्यावर चालतो. ब्रोमॅडायोलोनच्या वड्यांत धान्य असतं, गोडवा असतो, आणि पिल्लू ती बिस्किटासारखी खातं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्या दिवशी काहीच होत नाही. रक्त गोठायची क्रिया हळूहळू बंद पडते आणि 3 ते 5 दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, पिल्लू मलूल होतं. तोवर घरातल्यांना वडीची आठवणही नसते. विष ठेवायचंच असेल तर ते कुलपाच्या डब्यात, पिल्लाचं तोंड जाणार नाही असं. त्याहून बरं म्हणजे पिंजरा लावा.

बागेवाले लोक म्हणतात, आम्ही तर सगळं सेंद्रिय वापरतो. एरंडीची पेंड सेंद्रियच आहे. पण एरंडाच्या बीत रायसिन नावाचं जहाल विष असतं आणि पेंड नीट तापवून निर्विष केलेली नसेल तर ते तिच्यात उरतं. त्यात हाडांचं खत मिसळलं की कुत्र्याच्या नाकाला ती मेजवानीच. कुंडी उकरून पेंड खाल्लेलं पिल्लू काही तासांत रक्ताच्या उलट्या-जुलाबांनी आडवं होतं. पिल्लू लहान असेतोवर ही पेंड बागेत नकोच.

झाडांचं बोलायचं तर आपल्याकडे कुंपणाला कण्हेर लावायची पद्धत आहे, कारण ती पाण्याशिवाय तगते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. शेळी लावत नाही म्हणून पिल्लूही लावणार नाही, असा हिशेब मांडू नका. दात येत असताना पिल्लू काहीही चावतं : चप्पल, पायपुसणं, काटकी. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, वाळलेला पालासुद्धा हृदयाचे ठोके बिघडवतो. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टीही त्याच घराण्यातली, आणि मघाशी ज्याचं नाव घेतलं ते अॅडेनियमही. बंगल्याच्या दारात शोभेला लावतात तो सायकस तर यकृत निकामी करतो. त्याच्या बिया सर्वांत वाईट. तुळस, जास्वंद, मोगरा यांची चिंता नको. धोत्रा आणि एरंड आपोआप उगवतात, ते दिसले की मुळासकट काढा.

आता खास आपल्या गावच्या दोन गोष्टी, ज्या बाहेरच्या याद्यांत अशा सापडणार नाहीत. पूर्व भागात दुपारी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, दोऱ्याची रीळ. उठताना सूप झटकलं की भुकटी ओट्याच्या फटीत बसते, आणि पिल्लू ती चाटून काढतं. निकोटिनचा परिणाम तासाभरात दिसतो : लाळ गळते, उलट्या होतात, अंग थरथरतं, जास्त गेली असेल तर झटके येतात. ‘अक्का, सूप उंचावर ठेवा आणि उठल्यावर ओटा ओल्या फडक्यानं पुसून घ्या’ एवढं सांगितलं तर कोणी वाईट मानत नाही. त्यांच्याही घरात रांगती पोरं असतात.

दुसरी गोष्ट मागाची. यंत्रमागाच्या खोलीबाहेर टॉवेल-चादरींच्या दशा आणि सुताचे गुंते पडलेले असतात. पिल्लाला ते खेळणं वाटतं. गिळलेला दोरा एका टोकाला जिभेखाली किंवा जठरात अडकतो, दुसरं टोक आतडं पुढे ओढत राहतं, आणि आतडं चुण्या पडून कापलं जातं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. ओढणारे फार असतात. तसंच डॉक्टरकडे न्या.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात, त्यामुळे हंगामात खोक्यातून सांडलेले मणी उचलून टाका. द्राक्षांतल्या ज्या टार्टारिक आम्लावर पशुवैद्यांचा संशय आहे तेच चिंचेत भरपूर असतं. अंगणात चिंच असेल तर खाली पडलेल्या बोटकांचंही तेच करा.

‘हौदात पडलं तर पोहतं.’ पोहतं की. पण बाहेर कसं येणार? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून घरोघर जमिनीखालचा हौद, टाकी, बॅरल. हौदाला आतून गुळगुळीत फरशी किंवा सिमेंटचा घोटलेला गिलावा. पिल्लाची नखं त्यावर धरत नाहीत. ते गोल गोल पोहत दमतं आणि आवाजही न करता बुडतं. धोका रोजचा नाही, पाण्याच्या दिवसाचा आहे : पहाटे नळ येतो, झाकण सरकवून पाइप आत सोडला जातो, आणि तो काढेपर्यंत हौद उघडा राहतो. झाकणाला बिजागरी आणि कडी बसवा. पाइपापुरतं भोक झाकणातच पाडून घ्या, म्हणजे झाकण उघडायचं कारणच उरत नाही. मिस्त्री तासाभरात करून देतो. कपडे भिजवलेली बादलीसुद्धा दीड महिन्याच्या पिल्लाला पुरेशी खोल असते.

‘ऊन बाधत नाही.’ गावठी असो नाहीतर लॅब्रॅडॉर, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. लहान पिल्लाला तेही नीट जमत नाही. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून 42-43 ला टेकतो तेव्हा दुपारी शहाबादी फरशीवर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर ती फरशी पिल्लाच्या पंजालाही नको. पत्र्याचं शेड ही सावली नव्हे, भट्टी आहे. लिंबाखाली, किंवा नेट बांधून त्याखाली ओली पोती, मातीच्या पसरट भांड्यात पाणी, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा पिल्लू घरात.

उन्हाळ्यातच खिडकीबाहेर स्टँडवर लोखंडी कूलर चढतो. खाली ठिबकलेलं पाणी, त्यातून गेलेली वायर, आणि दात शिवशिवणारं पिल्लू. वायर भिंतीवरून, उंचावरून घ्या, कूलरला अर्थिंग आहे का तपासा, आणि मीटरजवळ 30 मिलीअँपिअरचं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे फक्त पिल्लासाठी नाही. दर उन्हाळ्यात ओल्या हातानं कूलरला हात लावणारी माणसंही जातात.

‘सापासाठी फिनाईल.’ फिनाईलनं साप दूर राहतो याला आधार नाही. साप उंदरामागे येतो आणि विटांच्या, लाकडांच्या, पत्र्यांच्या ढिगात राहतो. बांधकाम उरकून चार वर्षं झाली तरी कोपऱ्यात ‘लागतील कधीतरी’ म्हणून रचलेल्या विटा आहेत ना, त्या हलवा. फिनाईल मात्र पिल्लाच्या पंजाला लागतं, ते पंजे चाटतं, आणि तोंड-पोट भाजतं. पावसाळ्यात बेडूक तोंडात धरून फेस आला तर ओल्या फडक्यानं हिरड्या पुसून घ्यायच्या आणि डॉक्टर गाठायचा.

फिनाईलबद्दलचा दुसरा भ्रम याहून महाग पडतो. आधीचं पिल्लू पार्व्होनं, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या विषाणूनं, गेलं असेल, किंवा गल्लीतली कुत्री अंगणात येऊन घाण करत असतील, तर त्या मातीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलवर भरवसा ठेवता येत नाही. फरशीवर एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं चालतं (ते वाळेस्तोवर पिल्लू आत ठेवायचं). मातीवर तेही नीट चालत नाही. म्हणून 16 आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पुरे होईतो पिल्लाला अशा मातीवर सोडायचंच नाही. फाटकाच्या खालच्या दोन फुटांना बारीक वेल्डेड जाळी ठोका : पिल्लू बाहेर जात नाही, बाहेरचं तोंड आत येत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाला घाबरून पळणारी पिल्लंही याच फटीतून जातात.

‘साखळी लावा.’ जिन्याजवळ किंवा कठड्याजवळ बांधलेलं पिल्लू पलीकडे उडी मारून गळफास लावून घेतं. एवढं पुरे.

राहिलं मिठाचं पाणी. मीठ पाजून उलटी होईलच असं नाही. रक्तातलं मीठ वाढून मेंदूला सूज आणि झटके येतात, ते मात्र नक्की घडू शकतं. दूध विष मारत नाही. आणि करड्या-काळ्या भुकटीचं उंदरांचं विष, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडतं. वर दूध-भाकरी घातली की आम्ल वाढतं, वायूही वाढतो. म्हणून घरी काही पाजू नका, भरवू नका. पाकीट, वडीचा तुकडा, चावलेली फांदी, जे हाती लागेल ते पिशवीत घालून दवाखान्यात न्या, कधी खाल्लं आणि वजन किती ते सांगा. ब्रोमॅडायोलोन असेल तर व्हिटॅमिन के1 चं औषध आहे. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही, तिथे वेळच कामाला येते. आणि वाटेत पिल्लानं उलटी केली तर तो वायू आपल्यालाही बाधतो, तेव्हा गाडीच्या काचा खाली ठेवा.