बर्फाला ओलावा फार

तैलरंग शिकायचे तर आधी एखाद्या जुन्या उस्तादाच्या चित्राची नक्कल करावी, असं सगळे सांगतात. सोपं चित्र घ्यावं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून मी जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिशचा ‘वाट्समान’ निवडला. आल्प्समधलं बर्फाचं शिखर, उंची २७१३ मीटर. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी. पण फ्रीडरिशने तरी हा पर्वत कुठे पाहिला होता? ड्रेस्डेनमध्ये बसून, एका शिष्याच्या जलरंगातल्या अभ्यासचित्रावरून त्याने तो १८२४-२५ मध्ये रंगवला, आणि पुढचे खडक हार्झच्या डोंगरातले आणून लावले. हे वाचलं आणि माझी भीड चेपली.

नागपूरहून रंग आणले, सोबत जवसाच्या तेलाची इवलीशी बाटली. आईने तिच्यावरची किंमत वाचली.

“जवसाचं तेल? आपल्या घरी जवस कमी हाये का रे बाबू? घाण्यावरून डबाभर काढून आनजो.”

चित्राचं तेल साफ केलेलं असतं, घाण्याचं जास्त पिवळं पडतं, असं मी समजावलं.

“पडलं पिवळं त काय झालं? ऊन पडलं म्हनजो.”

कलेच्या कुठल्याही पुस्तकात याला उत्तर नाही.

खरा छळ वाळण्याचा. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि काम संपतं. तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत घेत, सवडीने घट्ट होतं. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो, टायटॅनियम पांढऱ्याला मात्र कसली म्हणून घाई नाही. फ्रीडरिशच्या काळी हा पांढरा नव्हताच. त्याच्याकडे शिशाचा होता. विषारी, पण वेळेवर वाळणारा. त्यात नियम असा की खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, नाहीतर पुढे तडे जातात. म्हणजे थांबा. या चित्राचा सगळा जीव त्या पांढऱ्यात, आणि तोही नुसता पांढरा नाही: उन्हाकडे किंचित पिवळट, सावलीत निळा. सावलीचा निळा जमेपर्यंत पांढऱ्याची ट्यूब पोट खपाटीला गेल्यागत झाली.

चित्र ठेवायला जागा एकच, बैठकीची खोली. तिथे भाव वाढायची वाट बघत कापूस आढ्यापर्यंत रचलेला. दार उघडलं की तंतू उडतात आणि नेमके शिखरावर जाऊन बसतात. चिमटीने एक उचलावा, तर त्याच्यामागे रंगाची शेपटी ओढली जाते आणि तिथे नवी घळ पडते. वाट्समानला देवाने न दिलेल्या काही दऱ्या माझ्या चित्रात आहेत, त्या अशा.

एका सकाळी शेजारचे काकाजी खर्रा घोटत आत आले. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, दाद येणार.

“एवढा कापूस कोनाचा हाये बापा?”

“काकाजी, तो बर्फ आहे.”

“अच्छा,” म्हणत त्यांनी पुढे होऊन खर्र्याचा अंगठा थेट शिखरावर दाबला. मग तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. “वल्ला हाये न पन.”

खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की कापूस परत पाठवतात, आणि नुसत्या हातावर ओलावा सांगण्यात काकाजींची हयात गेलेली. मी ऑक्सिजनचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

“पंधराच्या खाली नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते साडूला घेऊन आले. साडूंचा हात म्हणे अजून पक्का. त्यांनी आदल्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा उमटवला, बोटं चोळली, वास घेतला. मग दोघं दारात उभे राहून हळू आवाजात बोलले आणि काकाजींनी मला निकाल सांगितला.

“आत्ता काढू नको बाबू. होळीपर्यंत ठेव. भाव वाढते.”